दोन इंजिनं आणि मागची सीट

सेनगावजवळच्या गोरेगावच्या दस्तगीर मणियाराला काही विचारलं तर तो उत्तर देत नाही, करून पाहतो. स्टँडवरच्या हॉटेलात चहा कडक झालाय की पातळ यावर दोघं भांडायला लागले, तर हा दोघांच्याही कपातला घोट घेणार, मग स्वतःसाठी तिसरा कप मागवणार आणि वर म्हणणार, "थांबा, अजून बराबर समजलं न्हाई." त्याच्याशी वाद घालायला लोक कचरतात ते याच्यामुळे. वादात तो हरत नाही की जिंकत नाही, पण समोरच्याची अर्धी सकाळ खाऊन टाकतो.

धंदा बांगड्यांचा. बापाने हा धंदा डोक्यावर पेटी घेऊन केला, मग सायकलवर केला, आणि दस्तगीरने मोटारसायकल घेतली. मागच्या कॅरिअरला बांधलेली लाकडी पेटी, मधे बायको जाहेदा, तिच्या मांडीवर नाजूक मालाचं गाठोडं आणि पुढे स्वतः दस्तगीर, असं हे बिऱ्हाड सेनगावच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर वर्षानुवर्षं फिरलं. कामाची वाटणी ठरलेली होती. गाडी आणि माल त्याचा, बांगडी भरणं तिचं. जाहेदाला मनगट बघून माप कळायचं. अंगठ्याखालचं हाड एका बोटाने हलकेच आत दाबायची, बोलता बोलता बांगडी सरकवायची, आणि नव्या नवरीला कळायच्या आत हात हिरवा झालेला असायचा. बाया तिच्यापाशी सासूची गाऱ्हाणी सांगत, माहेरचे निरोप देत. दस्तगीर तेवढा वेळ गाडीपाशी उभा राहून इंजिनावरची धूळ पुसायचा.

त्या गाडीवर त्याचा फार जीव. शंभर सीसीचं जुनं इंजिन, किकवर चालू होणारं. घाटात, चिखलात, उन्हात कधी दगा दिला नाही. सायलेन्सरच्या आतली जाळी केव्हाच गळून पडली होती, त्यामुळे आवाज असा की समोरच्या गावातली कुत्री आधी उठत. पण आवाज म्हणजे ताकद, असंच दस्तगीरला वाटायचं, आणि त्याला तसं वाटू देणारा मिस्त्री बाबूसिंग राठोड त्याचा दोस्त होता.

गेल्या उन्हाळ्यात मात्र एक गोष्ट झाली. एका संध्याकाळी फेरीवरून आल्यावर जाहेदाने गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "उद्यापासून मी येत न्हाई."

"काहून?"

"त्या गाडीवर आता बसवत न्हाई मला."

एवढंच बोलली आणि भाकरी टाकायला गेली. या दोघांची घरातली बोली दखनी, पण आयुष्य मराठी बायांच्या अंगणात गेल्यामुळे महत्त्वाचं बोलणं आणि भांडण दोन्ही मराठीतच व्हायचं. ती मराठीत बोलली, म्हणजे गंमत नव्हती.

दस्तगीरने जमेल ते केलं. सीटमधे नवा फोम घातला. मागचे शॉकअप बदलले. पाय ठेवायच्या दांडीला रबर चढवलं. जाहेदा दारात येऊन बघायची आणि म्हणायची, "मी कुठं म्हणलं सीट कडक हाय?" आणि आत जायची. मग दस्तगीर एकटाच फेरीला जायला लागला आणि धंद्याचं पार खोबरं झालं. त्याचा हात वाईट नव्हता, पण बाईला दुखेल या भीतीने तो एक माप मोठं द्यायचा. सैल बांगड्या शेतात काम करताना कोपरापर्यंत जात, खुरप्याला लागून वाढत. बांगडी फुटली असं या धंद्यात कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. तर बांगड्या वाढत होत्या आणि गिऱ्हाईक कमी होत होतं. "भाबी कवा येनार?" हे गावोगाव ऐकून त्याचे कान किटले. आणि धंद्याचं सोडा, पाठीमागे ती नाही म्हणून त्याला रस्ताच लांबल्यासारखा वाटायचा. हे तो कोणाला बोलला नाही, पण मला विचाराल तर त्याचं खरं दुखणं हेच होतं.

दिवाळीच्या आधी त्याच्या भावाचा पोरगा सद्दाम याला पुण्याच्या बाजूला नोकरी लागली. त्याच्याकडे नवीकोरी मोटारसायकल होती. तीच कंपनी, गाडीचं नावही तेच, तेवढंच सीसी, फक्त इंजिन नव्या तऱ्हेचं. सद्दाम चावी देऊन गेला. "चाचा, मला तिकडं कंपनीची बस हाय. तुमी चालवून बघा. पटली तर ठेवून घ्या, न्हाई पटली तर दिवाळीला आल्यावर मी इकून टाकतो."

दस्तगीरने चावी घेतली आणि जाहेदाकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. त्याच्या मनात हिशेब एकच होता: या इंजिनावर जर हिला बसता आलं, तर गाडी ठेवायची, आणि ती परत फेरीला येईल. नाही तर काही उपयोग नाही. पण नवी म्हणून चांगली, असं मान्य करणारा हा माणूस नव्हे. आधी बघायचं, दोन इंजिनांत खरा फरक काय आहे.

पहिली परीक्षा बाबूसिंगच्या दुकानात ठरली. आपल्याकडे गाडीचं अ‍ॅव्हरेज काढायची जुनी रीत आहे. टाकीचा कॉक बंद करायचा, हँडलला सलाईनच्या बाटलीसारखी एक पेट्रोलची बाटली टांगायची, तिची नळी थेट कार्बोरेटरला लावायची आणि बाटली संपून गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. जिथे बंद पडली तिथे मीटरवर किलोमीटर बघायचे. जुन्या गाडीचं असं कैक वेळा काढलेलं होतं. मग बाबूसिंगने नवी गाडी पुढ्यात घेतली, बाटली टांगली, नळी हातात धरली आणि खाली वाकून शोधायला लागला. डावीकडून शोधलं, उजवीकडून शोधलं, चष्मा लावून शोधलं.

"चाचा," तो शेवटी म्हणाला, "हिला कार्बोरेटरच न्हाई."

"मंग पेट्रोल कुठून पिते?"

"टाकीत पंप हाय म्हनतात. तो आतल्या आत पिचकारी मारून राहिला."

दोघंही वाकून बराच वेळ बघत राहिले. जिच्यावर बाबूसिंगचं आयुष्य गेलं, जिच्यातला कचरा त्याने तोंडाने फुंकून काढला, ती वस्तूच तिथे नव्हती. तो जरा हिरमुसला. दस्तगीरला मात्र मजा वाटली. नळी लावता येत नाही तर नको, म्हणाला, टाकी पूर्ण रिकामी करू आणि बाटली टाकीतच ओतू.

हीच चूक झाली. कार्बोरेटरच्या गाडीचं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत खाली उतरतं. पंपाच्या गाडीत थोडं तळाला राहतं, आणि पंप कोरडा चालला की तो रुसतो. सेनगावच्या रस्त्यावर गाडी आचके देऊन बंद पडली, तीही हिशोबाच्या फार आधी. दस्तगीरने किक शोधली, सापडली, मारून मारून पिंढरी दुखली. सोबत आणलेलं जास्तीचं पेट्रोल ओतलं तरी इंजिन हूं की चूं करेना. मग दोघांनी ती नवीकोरी गाडी ढकलत गोरेगावात आणली. वाटेत भेटणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "नवी हाय ना?" बाबूसिंगला त्या दिवशी फार समाधान वाटलं. रात्रीपर्यंत त्याने गावभर सांगितलं की नवं इंजिन म्हणजे नुसती पॉलिश.

पण दस्तगीर सकाळी पुन्हा गाडीपाशी. चावी फिरवली की टाकीतून घुंई असा बारीक आवाज येतो, हे त्याच्या लक्षात आलं. चावी चार-सहा वेळा चालू-बंद केली, पंपाने पेट्रोल ओढून घेतलं, बटन दाबलं आणि इंजिन असं चालू झालं की चालू झालं का हे बघायला त्याला टाकीवर हात ठेवावा लागला. मग त्याने सरळ दोन्ही गाड्यांच्या टाक्या गळ्यापर्यंत भरल्या, एकाच रस्त्याने एकसारखी फेरी मारली आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरून बघितलं. नवी कमी प्याली. बाबूसिंगला सांगितलं तर तो म्हणाला, "वारं पाठीमागून असंल."

दुसरी परीक्षा ओढीची. टेकाडवाडीच्या खिंडीत चढ असा आहे की रिकामा माणूसही मधे एकदा थांबतो. दस्तगीरने मागच्या सीटवर जाहेदाच्या जागी सोयाबीनचं पोतं बांधलं. सोयाबीन नुकतं निघालं होतं, रस्त्यारस्त्याला त्याचे ढीग पडले होते, पोत्याला काही तोटा नव्हता. जुनं इंजिन धडधडत, शिव्या दिल्यासारखं भकभक करत दुसऱ्या गिअरमधे चढून गेलं. नवं इंजिन दुसऱ्यात अर्ध्यावर गुदमरलं, पहिला टाकावा लागला, मग चढलं. इथे जुनी जिंकली, आणि दस्तगीरने ते प्रामाणिकपणे घरी येऊन सांगितलं.

"खिंडीत जुनीच भारी हाय."

"हं," जाहेदा म्हणाली.

"पन थरथर नवीची कमी हाय. पोतं जरा बी हाललं न्हाई."

"पोत्याला इचारलं का?"

ती हसली नाही, पण बोलली तरी. दस्तगीरला तेवढ्याने हुरूप आला. तिसरी परीक्षा त्याची स्वतःची, दुसऱ्या कोणाला सुचली नसती. त्याने एकाच खोक्यातल्या, एकाच काचेच्या बारीक बांगड्या घेतल्या, ज्या नुसत्या खोकल्याने वाढाव्यात. अर्ध्या एका पिशवीत, अर्ध्या दुसऱ्या पिशवीत. एक पिशवी जुन्या गाडीच्या सीटवर बांधून डांबरी रस्त्याने नरसीपर्यंत जाऊन आला, दुसरी नव्या गाडीवर बांधून तशीच. संध्याकाळी अंगणात कापड अंथरून दोन्ही पिशव्या ओतल्या. जुन्या गाडीच्या पिशवीतून मूठभर काच निघाली. नवीच्या पिशवीतून एखाद-दुसरा तुकडा.

दस्तगीर उकिडवा बसून त्या दोन ढिगांकडे बघत राहिला. जुन्या इंजिनाची थरथर त्याला कधी वाईट वाटलीच नव्हती. हँडल हातात असलं की ती अंगवळणी पडते. पण बांगडी सीटवर होती, आणि सीटवर जाहेदा बसायची. त्याने तिला हाक मारून काच दाखवली.

"बघ. हे जुनं, हे नवं. आता तरी येशील? दिवाळीला सद्दाम गाडी मागंल."

जाहेदाने काच पाहिली, पायात जाऊ नये म्हणून कापडाची चारी टोकं उचलून गाठ मारली. "तुमी सगळं पुढं बसून बघून राहिले," ती म्हणाली. "मांगं बसून पाह्यलं का कदी?"

दस्तगीरने खरोखर पाहिलं नव्हतं. गाडी घेतल्यापासून तो कधी कोणाच्या मागे बसलाच नव्हता. हॉटेलात गाड्यांची एवढी तुलना चालते, पिकअप, अ‍ॅव्हरेज, ओढ, पण ती सगळी हँडल धरणाऱ्यांची. मागे बसणाऱ्याला इंजिन कसं लागतं हे कोणी विचारत नाही, कारण मागे बसणारी बहुतेक घरातली बाई असते आणि हॉटेलात चहा पीत नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाबूसिंगला दुकानातून उठवून आणलं. "तू चालव. मी जाहेदाच्या जागी बसतो."

"लोक काय म्हनतील चाचा?"

"मिस्त्री गाडी टेस्ट करून राहिला म्हनतील. चल."

आधी जुनी गाडी. मागे पेटी बांधली, मांडीवर गाठोडं घेतलं, आणि दस्तगीर मधे बसला. गोरेगाव सुटेपर्यंत त्याला ठीक वाटलं. मग पायाच्या दांडीतून मुंग्या चढायला लागल्या. गाठोडं सांभाळायला दोन्ही हात लागत, म्हणून धरायला काहीच उरत नव्हतं. उजव्या पोटरीला सायलेन्सरची धग. समोर बघावं तर बाबूसिंगच्या शर्टाची पाठ, तिच्यावर तेलाचा डाग, बाकी जग दोन्ही बाजूंनी मागे पळणारं. शेतकऱ्यांनी मळणीसाठी रस्त्यावर सोयाबीन अंथरलं होतं, त्यावर गाडी घसरायची, आणि घसरणार हे मागच्याला आधी कळायचं नाही. ही बाई यावरून रोज फिरली, पोटात पोर असतानाही फिरली. आणि आपण तिला फोम घालून दिला. दस्तगीरला स्वतःची लाज वाटली.

पुढे एका बांधावर शकुबाई नावाची ओळखीची म्हातारी हात वर करून उभी होती. सुनेला बांगड्या भरायच्या असणार. दस्तगीर म्हणाला, "बाबूसिंग, थांब."

"हां हां!" बाबूसिंगने मान हलवली आणि गाडी तशीच पुढे.

"अरे थांब, ती बोलावून राहिली!"

"हां हां!" बाबूसिंगने अ‍ॅक्सिलेटर अजून पिळला.

शकुबाई मागे गेली, हात तसाच वर. दस्तगीरने तिसऱ्यांदा ओरडून पाहिलं, मग बाबूसिंगच्या पाठीत बुक्की घातली. गाडी बरीच पुढे जाऊन थांबली.

"काय झालं? गाठोडं पडलं का?"

"थांब म्हनून राहिलो कवाचा! तू हां हां काहून करून राहिला?"

बाबूसिंगने चष्मा काढून पुसला. "मला वाटलं तुमी इंजिनाची तारीफ करून राहिले. काय बी ऐकू येत न्हाई चाचा. नुसतं कायतरी बोलून राहिले एवढं समजतं."

जाहेदा मागून काही बोलली की आपणही असंच हां हां करतो, हे दस्तगीरला तिथेच रस्त्यात उमगलं. गोरेगावात परत आल्यावर त्याने नव्या गाडीवर पेटी बांधली आणि पुन्हा बाबूसिंगच्या मागे बसला. त्याच रस्त्याला गाडी लागल्यावर तो ओरडला नाही. घरात बोलतो तशा आवाजात म्हणाला, "बाबूसिंग, तंबाखू हाय का?"

"उजव्या खिशात," बाबूसिंगने मान न वळवता सांगितलं.

पुढचा सगळा रस्ता दस्तगीर कान देऊन ऐकत राहिला. बाबूसिंग बोलत होता, नवं इंजिन मागं कसं वाटतं विचारत होता, आणि त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

संध्याकाळी जाहेदा चुलीपाशी होती. दस्तगीर दाराशी बसला, काय आणि कसं विचारावं याची जुळवाजुळव करत राहिला, आणि शेवटी सरळच विचारलं.

"तू मांगं बसून मला काय म्हनायची?"

जाहेदाचा हात थांबला. "कवा?"

"कवाबी. मी हां हां करायचो तवा."

तिने तव्यावरची भाकरी उलटली, तवा खाली घेतला आणि मग त्याच्याकडे तोंड करून बसली.

"टेकाडवाडीला भिकाबाईच्या दारासमोर थांबा म्हनायची. दुसरं काय?"

भिकाबाई म्हणजे खिंडीच्या वरच्या वस्तीवरची. लग्नानंतर पहिल्याच साली फेरीवर असताना जाहेदाला कळा सुरू झाल्या, जीप नाही, दवाखाना लांब, तेव्हा भिकाबाईने तिला आपल्या घरात घेतलं. यांची थोरली पोरगी तिच्या ओसरीवर जन्मली, नाळ तिच्या अंगणात पुरली. त्यानंतर कितीतरी वर्षं दर फेरीला पहिली बांगडी भिकाबाईच्या हातात भरायची असा जाहेदाचा रिवाज होता. मग भिकाबाईचा नवरा गेला. दस्तगीर दुखवट्याला जाऊन माणसांत बसून आला, आणि त्यानंतर त्या दारात त्याने गाडी उभी केली नाही. बापाने शिकवलं होतं, कुंकू गेलेल्या घरापुढे बांगड्यांची पेटी उभी करू नये, त्या बाईच्या जिवाला लागतं. म्हणून तो तिथे आला की उलट अ‍ॅक्सिलेटर पिळायचा, लवकर पुढे जावं म्हणून. त्याला ती अदब वाटायची.

"दर फेरीला म्हनायची," जाहेदा सांगत होती. "बांगड्या भरायला न्हाई, नुसतं बसायला थांबा म्हनायची. तुमी हां हां म्हनायचे आन् गाडी पळवायचे. गेल्या उन्हाळ्यात ती दारात उभी व्हती. मी म्हनलं, ती उभी हाय, आज तरी थांबा. तुमी हां हां म्हनले. तिनं माझ्याकडं बघितलं आन् मी खाली मान घातली. त्या दिवशी ठरवलं, आता या गाडीवर बसायचं न्हाई."

"मला ऐकूच आलं न्हाई, जाहेदा. खुदाकसम."

"मला काय म्हाईत? मला वाटलं, ऐकून पळवून राहिले."

"मंग घरी काहून न्हाई बोलली?"

"दहादा सांगून जो माणूस ऐकत न्हाई, त्याला घरी येऊन अजून काय सांगायचं?"

दस्तगीरला एक प्रश्न पडला, आणि तो त्या प्रश्नाने फार अस्वस्थ झाला. ऐकू आलं असतं तर आपण खरंच थांबलो असतो का? की बापाची शिकवण सांगून तसेच पुढे गेलो असतो? आयुष्यभर प्रत्येक गोष्ट करून बघणाऱ्या या माणसाला ही एक गोष्ट आता करून बघता येणार नव्हती. त्याला वाटलं, थांबलो असतो. पण वाटणं म्हणजे कळणं नव्हे, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"उद्या जाऊ," तो म्हणाला.

"पेटी न्हाई न्यायची."

"न्हाई नेत."

सकाळी जाहेदा नव्या गाडीवर बसली. पेटी नाही, गाठोडं नाही, फक्त पिशवीत थोडी साखर आणि चिवडा. खिंडीत दस्तगीरने न चुकता पहिला गिअर टाकला. टेकाडवाडीत शिरल्यावर वस्तीच्या शेवटच्या घरापाशी जाहेदा हलक्या आवाजात म्हणाली, "थांबा," आणि गाडी थांबली.

भिकाबाई अंगणात खाली बसून सूप घेऊन सोयाबीनमधली माती पाखडत होती. पाठमोरी होती. गाडी अगदी कुंपणाला लागली तरी तिने वळून पाहिलं नाही. जाहेदा अंगणात जाऊन उभी राहिली तेव्हा कुठे तिने मान वर केली आणि सूप बाजूला ठेवलं.

"जाहेदा? तू? अग बाई, आवाज कसा न्हाई आला?"

"नवी गाडी हाय."

"तरीच." भिकाबाईने पदराने हात पुसले. रागाचा मागमूस नव्हता तिच्या बोलण्यात, नुसतं सांगत होती. "जुनी मला खिंडीतून वळखू यायची. चढाला लागली की आवाज यायचा. मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. मंग आवाज जवळ यायचा, आन् पुढं जायचा. मनात म्हनायची, आता माझ्या हातात भरायला काय हाय? कशाला थांबतील?"

दस्तगीर कुंपणाबाहेर गाडी धरून उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं. जो आवाज त्याला ताकद वाटायचा, तो आवाज दर फेरीला या बाईला दारात आणून उभा करत होता आणि तसाच टाकून जात होता. पुढे बसलेल्याला ऐकू येत नव्हतं, मागे बसलेलीचं बोलणं पुढे पोचत नव्हतं, आणि इथे हिला सगळं ऐकू येत होतं. काहीतरी बोलावं म्हणून तो दोन पावलं आत आला. "भिकाबाई," तो म्हणाला.

"या भाऊ, बसा. च्या ठेवते," भिकाबाई म्हणाली.

जाहेदाने तिला उठू दिलं नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिचे दोन्ही रिकामे हात आपल्या हातात घेतले. मग अंगठ्याखालचं हाड सवयीने हलकेच दाबत राहिली, जसं बांगडी भरताना दाबायची. थोड्या वेळाने एकदम दोघीही बोलायला लागल्या. थोरल्या पोरीला आता लेकरू झालंय का, इथून सुरुवात झाली. चहा शेवटी दस्तगीरनेच केला. साखर जास्त पडली आणि कोणी काही म्हटलं नाही.

निघताना ऊन उतरायला लागलं होतं. भिकाबाई कुंपणापर्यंत आली. जाहेदा सीटवर नीट बसली, पदर खोचला. खिंडीच्या उताराला गाडी लागल्यावर तिने मागून विचारलं, "आता ऐकू येऊन राहिलं का?"

"येऊन राहिलं."

"सगळं?"

"सगळं."

"मंग ऐका," जाहेदा म्हणाली, आणि बोलायला लागली. गेल्या उन्हाळ्यातलं, त्याच्या आधीचं, जुन्या गाडीच्या मागे बसून बोललेलं आणि हवेत गेलेलं, एकेक करून. त्यातलं काही गोड होतं, बरंचसं नव्हतं. दस्तगीरने एकदाही हां हां म्हटलं नाही. गोरेगावातले पत्रे दिसायला लागले तरी तिचं बोलणं संपलेलं नव्हतं, तेव्हा त्याने गाडी अजून हळू केली.